'देण्यात येत आहे' : नगरपरिषदेच्या ठरावगद्यातील कर्त्याचा प्रश्न

मराठी गद्याचा इतिहास लिहिताना आपण बखरी, सनदा आणि पत्रव्यवहार यांना मानाचे स्थान देतो. परंतु आजच्या सनदांकडे, म्हणजे शासकीय व नागरी संस्थांच्या लेखनाकडे, अभ्यासकांची दृष्टी क्वचितच वळते; आणि वळली तरी दोन-चार बोजड शब्दांची थट्टा करून ती परत फिरते. वास्तविक ज्या गद्यामुळे एखाद्याच्या जमिनीवर घर उभे राहते किंवा राहत नाही, ते गद्य कादंबरीपेक्षा कमी परिणामकारक म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात अशा गद्याचा एक लहानसा प्रकार तपासावयाचा आहे. नगरपरिषदेच्या सभेचा ठराव हा तो प्रकार होय. त्यातही भूवापरासंबंधीचे आणि अंदाजपत्रकासंबंधीचे ठराव येथे प्रामुख्याने विचारात घेतले आहेत, आणि डोळ्यांसमोर प्रदेश आहे तो गोंदिया जिल्ह्याचा.

हा जिल्हा निवडण्यास भाषिक कारण आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा भाग महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडील टोकाला असून एका बाजूस बालाघाट व दुसऱ्या बाजूस राजनांदगाव यांना भिडला आहे. गोंदियाच्या बाजारपेठेत हिंदी चालते, खेड्यांतून पवारी व झाडीबोली, पूर्वेच्या जंगलपट्ट्यात गोंडी. कारभाराचा शब्दसंग्रहही मुंबई-पुण्याकडच्यापेक्षा निराळ्या वाटेने आला. हा मुलूख १९५६ पर्यंत प्रथम मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या व मग जुन्या मध्य प्रदेशाच्या राज्यकारभारात होता. येथील नागरी संस्था मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायदा, १९२२ याखाली चालत, आणि त्या कायद्यात संस्थेचे नाव 'कमिटी' असे होते. जुनी माणसे 'कमेटी' म्हणत ती याच वारशाने. पुढे १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमाने राज्यातील निरनिराळे प्रादेशिक कायदे रद्द करून सर्वत्र 'नगरपरिषद' आणली. गोंदिया, २०११ च्या जनगणनेप्रमाणे १,३२,८१३ लोकवस्तीचे, 'अ' वर्गात आले. तिरोडा हे धाकटे भावंड. देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव यांसारख्या तालुक्याच्या गावी २०१५ च्या सुमारास नगरपंचायती झाल्या, आणि कालपर्यंत ग्रामसभेत बसणाऱ्या माणसाला एकाएकी 'विकास योजना', 'भोगवटा प्रमाणपत्र', 'सुधारित अंदाज' या शब्दांशी गाठ पडली.

सामान्य तक्रार अशी की, हे शब्द संस्कृतप्रचुर असल्यामुळे कारभार लोकांपासून दूर गेला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले तेव्हापासून ही तक्रार चालू आहे. प्रस्तुत लेखकाला ती अर्धीच खरी वाटते. 'अकृषिक' हा शब्द कठीण म्हणावा, तर भूखंड घेणारा कोणताही दुकानदार तो बिनचूक वापरतो. फार तर 'एनएटीपी प्लॉट' म्हणून त्याचे सोयीस्कर रूप करतो. 'नझूल' हा तर अरबी शब्द, आणि विदर्भातील शहरांतून पिढ्यान् पिढ्या सरकारी पट्ट्याच्या जमिनीवर राहणाऱ्यांना तो इतका घरचा झाला आहे की, त्याचे मराठीकरण कोणी सुचविले तर लोकच हरकत घेतील. शब्द परका असल्याने अडत नाही. ज्याच्याशी माणसाचा व्यवहार जडला तो शब्द तो शिकतो, मग त्याचे कूळ कोणतेही असो.

शब्दांचे खरे दोष निराळ्या ठिकाणी आहेत, आणि त्यांकडे थट्टेखोरांचे लक्ष जात नाही. एकच शब्द दोन कामांना जुंपणे हा त्यांतील मोठा दोष. नगररचनेत जमिनीच्या वापरानुसार जे भाग पाडले जातात त्यांना 'विभाग' म्हणतात : रहिवास विभाग, वाणिज्य विभाग, कृषी विभाग. कार्यालयाच्या शाखेलाही 'विभाग'च. महसुली प्रदेशालाही 'विभाग'च. त्यामुळे 'कृषी विभागातील जमीन' म्हणजे शेतकी खात्याची जमीन, असा समज करून घेणारा गृहस्थ अडाणी ठरत नाही. त्याने मराठी बरोबर वाचलेली असते. तीच गत 'योजना' या शब्दाची. 'घरकुल योजना' ऐकून सरावलेल्या कानांना 'विकास योजना' म्हणजे काहीतरी मिळावयाचे आहे असे वाटते. ती वस्तुतः एक नकाशा असून तिच्यामुळे काही जाण्याचाही संभव असतो, हे त्या शब्दात कोठेच नाही. प्रभागाचे आरक्षण आणि भूखंडाचे आरक्षण हे दोन्ही एकाच सभागृहाचे विषय. पहिल्यात कोणाला तरी जागा राखून मिळते, दुसऱ्यात कोणाची तरी जागा राखून ठेवली जाते.

सर्वांत नवलाचे उदाहरण 'चटई' या शब्दाचे. बांधकामाचे एकूण क्षेत्र व भूखंडाचे क्षेत्र यांच्या गुणोत्तराला मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' असे नाव पडले आहे. हे क्षेत्र भिंतींसह मोजतात. पुढे सदनिकेच्या विक्रीसंबंधीच्या कायद्यात बाहेरच्या भिंती वगळून उरणाऱ्या वापरण्याजोग्या क्षेत्रालाही 'चटई क्षेत्र' हेच नाव मिळाले, आणि चटई अंथरता येते ते क्षेत्र या न्यायाने ते तेथे शोभतेही. परिणाम असा की, चटई क्षेत्र निर्देशांकात जे क्षेत्र मोजले जाते ते चटई क्षेत्र नव्हे! येथे संस्कृताचा काडीचाही संबंध नाही. शब्द घरगुती आहे, गोजिरवाणा आहे, आणि तरीही दिशाभूल करणारा आहे. उलट 'व्यपगत' हा शब्द उच्चारास अवघड खरा, परंतु त्याला एकच अर्थ आहे, आणि तो एकदा कळला की पुन्हा घोटाळा होत नाही. परिभाषेच्या परीक्षणात सोपेपणापेक्षा एकार्थता अधिक मोलाची, हे आपण भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवतो. कारभाराच्या बाबतीत मात्र विसरतो.

तथापि शब्दांची चर्चा येथेच थांबवून वाक्याकडे वळावयास हवे. कारण ठरावगद्याचे मर्म वाक्यात आहे. राज्यातील कोणत्याही नगरपरिषदेचे कार्यवृत्त उघडले तरी ठरावाचा साचा सारखाच आढळतो. प्रथम कार्यालयाची टिपणी, मग सूचक व अनुमोदक यांची नावे, आणि शेवटी 'मंजुरी देण्यात येत आहे', 'तरतूद करण्यात येत आहे', 'अधिकार प्रदान करण्यात येत आहेत' असे एखादे वाक्य. या रचनेत धातुसाधित नामाची सप्तमी आणि त्यापुढे 'येणे' हे क्रियापद असते. क्रियापद 'मंजुरी'च्या किंवा 'अधिकारां'च्या लिंगवचनाप्रमाणे चालते. देणारा कोण, याची वाक्याला गरजच पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मराठीला कर्मणी प्रयोग नवा नाही. 'रामाने आंबा खाल्ला' हे आपण रोज बोलतो. आक्षेप तपासण्याजोगा आहे, कारण तो तपासला की नेमका भेद उघड होतो. आपल्या नित्याच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालत असले, तरी कर्ता तृतीयेच्या रूपाने वाक्यात ठाण मांडून बसलेला असतो. 'रामाने' काढून टाका, लगेच 'कोणी?' असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या तोंडून निघतो. संस्कृत वैयाकरणांनीही क्रियापदाने न सांगितलेल्या कर्त्याला तृतीयेची सोय करून ठेवली आहे. 'देण्यात येत आहे' या रचनेत 'सभेकडून' असे पद घालण्यास व्याकरणाची आडकाठी नाही. पण ते न घातल्याने काही उणे आहे असे कानाला वाटत नाही, आणि हाच तिचा गुण व हाच तिचा धोका. कर्ता येथे अध्याहृत नाही, कारण अध्याहृत पद संदर्भाने एकच एक निश्चित होते. येथे तीन-तीन उमेदवार उभे असतात : सभागृह, मुख्याधिकारी आणि राज्यशासन.

भूवापराच्या बाबतीत हे तीन उमेदवार कसे उभे राहतात ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याप्रमाणे नगरपरिषद ही नियोजन प्राधिकरण असते. ती विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करते, हरकती मागविते, त्यांची सुनावणी होते. परंतु योजनेला अंतिम मंजुरी राज्यशासन देते. मंजूर योजनेत पुढे बदल करावयाचा झाल्यास कलम ३७ खाली नगरपरिषद त्याची सूचना काढते, एक महिन्याच्या आत हरकती घेते आणि प्रस्ताव शासनाकडे पाठविते. तेथेही शेवटचा शब्द शासनाचाच. बदल असा हवा की त्याने योजनेचे स्वरूप पालटू नये, अशी मर्यादा आहे, आणि म्हणून त्याला 'किरकोळ फेरबदल' म्हणण्याचा प्रघात आहे. किरकोळ कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न येथेही कर्त्याचाच प्रश्न आहे. संपूर्ण शहराच्या नकाशावर दोन एकरांचा तुकडा कृषीतून रहिवासात गेला तर नकाशाचे स्वरूप पालटत नाही. त्या तुकड्यालगतच्या बोडीत पावसाचे पाणी कोठून येणार, हे मात्र पालटते. भंडारा-गोंदियाचा सारा भूप्रदेश माजी मालगुजारी तलावांचा व बोड्यांचा आहे. धानाची बांधी, तिची पाळ, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरणारे पाणी, हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते; आणि नकाशातील 'विभाग' हा शब्द तर मुळातच तोडण्याचा.

काही वर्षांपूर्वी एका लहान नगरपंचायतीच्या सूचनाफलकापुढे प्रस्तुत लेखक उभा असता शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने फलकावरील सूचना वाचून दाखविण्याची विनंती केली. गट क्रमांक, क्षेत्र, फेरबदलाचा तपशील, हरकतीची मुदत हे सर्व वाचून झाले. म्हातारबांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग माही बांधी गेली का राह्यली, गुरुजी?" उत्तर देता आले नाही. सूचनेचे प्रत्येक पद लेखकाला कळले होते. भाषाशास्त्रातील पदवीही काही कामाची नव्हती असे नाही. परंतु निर्णय झाला आहे की व्हावयाचा आहे, आणि झाला असल्यास कोणी केला, हे त्या अर्ध्या पानाच्या वाक्यात नव्हते. हरकत घ्यावयाची तर ती कोणाच्या कृतीवर? ज्या कृतीला कर्ता नाही तिच्यावर हरकत घेणे हे पावसावर हरकत घेण्यासारखे आहे, आणि पावसावर शेतकरी हरकत घेत नाही.

येथे जुन्या दप्तराची आठवण होते. मराठेशाहीतील मोडी कागद वाचणाऱ्यांना 'गुजारत' आणि 'विद्यमान' हे दोन शब्द परिचित आहेत. रक्कम कोणाच्या हस्ते गेली, बोलणे कोणाच्या मार्फत झाले, हे त्या शब्दांपुढे नाव घालून नोंदवीत. त्या राज्यकारभारात न्याय अधिक होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु कारकुनाच्या लेखणीला कर्त्याची नोंद ठेवण्याची सवय होती, एवढे खरे. 'देण्यात येत आहे' ही रचना सनदांच्या परंपरेतून आलेली नसून इंग्रजी कचेरीतील कर्मणी वाक्यांचा अनुवाद करता करता रुळली, असे मानण्यास जागा आहे.

आता अंदाजपत्रकाकडे वळू. नगरपरिषदेचे दप्तर 'अंदाजपत्रक' म्हणते, वृत्तपत्रे 'अर्थसंकल्प' म्हणतात. दुसऱ्या शब्दाचे श्रेय सामान्यतः सावरकरांच्या भाषाशुद्धीला दिले जाते, आणि राज्याच्या व केंद्राच्या बाबतीत तो शोभतोही. कर बसविण्याची सत्ता ज्याच्या हाती त्याने संकल्प सोडावा. नगरपरिषदेच्या बाबतीत मात्र दप्तराचा जुना शब्दच अधिक प्रामाणिक आहे. १९९९ साली नगरपरिषदांची जकात रद्द झाली. धान-तांदळाच्या आणि विडीपत्त्याच्या व्यापाराने नांदणाऱ्या गोंदियासारख्या गावाला नाक्यावरचे हे उत्पन्न किती जवळचे होते हे सांगावयास नको. तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. उरले ते मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी; आणि या स्वतःच्या उत्पन्नाच्या शेजारी विशिष्ट कामासाठी बांधून दिलेली अनुदाने. वित्त आयोगाचा निधी असो की राज्याची एखादी योजना, खर्च कशावर करावयाचा हे पैशाबरोबरच ठरून येते. सभागृहापुढे तीन स्तंभ येतात : मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढील वर्षाचा अंदाज. पहिल्या स्तंभात घडलेले आहे, दुसऱ्यात घडण्याच्या बेतात असलेले, तिसऱ्यात इच्छिलेले. भाषेच्या अभ्यासकाला हे तीन काळ व अर्थ दिसतात. पण तिन्हींखाली क्रियापद एकच, 'दर्शविण्यात आले आहे'.

मग दुसऱ्या दिवशी 'इतक्या लाखांचे शिलकी अंदाजपत्रक' अशी बातमी येते. शिल्लक या शब्दाचा घरगुती अर्थ, सर्व भागवून उरलेले ते. नगरपरिषदेच्या आरंभीच्या शिलकेत बहुधा मोठा वाटा खर्च न झालेल्या बांधील अनुदानाचा असतो. म्हणजे जे करावयाचे राहून गेले त्याचे मोल शिल्लक म्हणून मिरविले जाते. वाचकाला समृद्धी वाटते. ती वस्तुतः दिरंगाईची बेरीज असू शकते.

भूवापर आणि अंदाजपत्रक हे दोन विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत दूर दूर असतात, परंतु १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये त्यांची गाठ पडते. विकास योजनेत शाळेसाठी, मैदानासाठी, बाजारासाठी खाजगी जमीन आरक्षित केली आणि दहा वर्षांत संपादन केली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठराविक मुदतीत, ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिने झाली, जमीन संपादन झाली नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. संपादनाला पैसा लागतो, तो अंदाजपत्रकात हवा. तेथे 'भूसंपादन' या शीर्षासमोर नाममात्र तरतूद असली की मैदानाचे भवितव्य त्या शीर्षापाशीच ठरलेले असते, सभेत मैदानावर कितीही भाषणे होवोत.

'पावले उचलणे' म्हणजे काय, हा तर सर्वोच्च न्यायालयापुढील अर्थनिर्णयाचा प्रश्न झाला. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली तीन न्यायमूर्तींपुढे हा शब्द आला. बहुमताने असे ठरविले की, संपादनाकडे प्रत्यक्ष नेणारी कृती हेच पाऊल. प्राधिकरणाने नुसता ठराव करणे किंवा शासनाला पत्र लिहिणे हे पाऊल नव्हे. एका न्यायमूर्तींचे मत निराळे पडले. शब्दार्थाच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल अवश्य अभ्यासावा. एका साध्या नामाची व्याप्ती ठरविण्यासाठी विद्वान माणसे किती कसोशीने भांडतात हे त्यात दिसेल. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, 'संपादनाची कार्यवाही करण्यात येत आहे' या वाक्याचे वजन न्यायालयाने तोलले आणि ते हलके भरले. कोणी काय केले ते सांगा, असाच त्या निकालाचा रोख आहे.

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. गोंदिया नगरपरिषदेची निवडणूक जानेवारी २०१७ मध्ये झाली होती. २०२२ मध्ये मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यभर निवडणुका लांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी मतदान झाले. मधली वर्षे प्रशासकांची. पुष्कळ ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे अंदाजपत्रक सादर करणारा आणि मंजूर करणारा एकच. फेरबदलाची टिपणी लिहिणारा आणि तिच्यावर ठराव करणारा एकच.

अशा वेळी ठरावाचे वाक्य बदलावयास हवे होते. ज्या सभेच्या नावाने ते लिहिले जाई ती सभाच उरली नव्हती. परंतु वाक्य बदलले नाही. 'मंजुरी देण्यात येत आहे' हे सभागृह असताना जसे होते तसेच सभागृह नसतानाही राहिले. सूचक-अनुमोदकांची नावे गळाली, 'सर्वानुमते' हे पद गळाले, मूळ क्रियापदाला ओरखडाही उठला नाही. वाक्यातून कर्ता खरोखरच नाहीसा झाला आणि वाक्याला ते कळलेही नाही, याहून अधिक स्पष्ट पुरावा भाषाशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेतही मिळाला नसता. त्यावरून मागे वळून पाहता आणखी एक शंका येते. टिपणीच्या शेवटी कार्यालय लिहिते, 'मंजुरी देण्यात यावी'. ठरावात होते, 'मंजुरी देण्यात येत आहे'. विध्यर्थाचा स्वार्थ होतो, एवढाच काय तो सभेने घातलेला फरक. सभा भरत होती तेव्हा तरी निर्णयाच्या वाक्यात तिचे स्वतःचे असे किती होते?

याला उत्तर देताना घाई करता कामा नये. सभागृहात जे बोलले जाते ते हिंदीत, पवारीत, आवाज चढवून, एकमेकांना नावे घेऊन बोलले जाते; त्यात कर्ते भरपूर असतात. ठराव मराठीत लिहिला जातो, आणि लिहिणारा बहुधा बोलणाऱ्यांपैकी नसतो. बोलीतून प्रमाण भाषेत येताना काय गळते याचा आपण लोककथांच्या बाबतीत पुष्कळ विचार केला आहे. येथेही तोच प्रश्न आहे. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून व्हावा असा अधिनियम २०२२ साली झाला, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तो भाषा कोणती हे सांगतो, वाक्य कोणते हे सांगत नाही. इकडे डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीसंबंधी वास्तुविशारद आणि नगररचना कार्यालय यांचा व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो, आणि तेथील कर्मणी वाक्ये अनुवादाच्या वाटेने मराठी ठरावात उतरतच राहणार.

आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास प्रबंधिकेसाठी विषय हवा असल्यास सामग्री हाताशी आहे. २०१७ ते २०२२, २०२२ ते २०२५ आणि डिसेंबर २०२५ नंतरची, अशी एकाच नगरपरिषदेची तीन काळांतील कार्यवृत्ते घ्यावीत. भूवापर व अंदाजपत्रक यांवरील ठराव वेगळे काढावेत. प्रत्येक ठरावातील मुख्य क्रियापद, तृतीयान्त किंवा 'कडून'-युक्त कर्तृपद आहे की नाही, आणि कार्यालयीन टिपणीच्या शेवटच्या वाक्यापासून ठरावाचे वाक्य किती दूर गेले आहे, एवढ्या तीन गोष्टी मोजाव्यात. जेथे वाक्य टिपणीपासून दूर गेले असेल, आकडा बदलला असेल, अट घातली असेल, एखादा भूखंड वगळला असेल, त्या ठिकाणी त्या दिवशीच्या सभेचा वृत्तान्त वृत्तपत्रातून काढून शेजारी लावावा, आणि 'ही सभा नाकारीत आहे' असे कर्तरी वाक्य त्या वर्षांत एकदा तरी लिहिले गेले काय, तेही पाहावे.